डुगडुगणारं टेबल आणि राष्ट्रपती

आजोबांच्या मुलाच्या कपातला चहा परत सांडला, तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं, "बस्स! रविवारी हे टेबल भंगारवाल्याला."

आजोबांनी चटकन टेबलाची कड धरली. टेबल त्यांच्या बायकोने हौसेने घेतलेलं. एका बाजूला ती भाजी निवडायची, दुसऱ्या बाजूला ते पेपर वाचायचे. ती होती तोवर ते कधी हललं नाही. ती गेली आणि मेलं डुगडुगायला लागलं.

"असं एकट्याने ठरवायचं नाही," नात म्हणाली. उद्या तिचा नागरिकशास्त्राचा पेपर होता. "विधेयक मांडा, मतदान घ्या."

आजोबांनी मनात हिशेब केला. मुलगा आणि सून एकीकडे, आपण आणि नात दुसरीकडे. बरोबरी झाली की टेबल वाचलं.

"घे बाई मतदान!"

"बाबा पंतप्रधान, आई अर्थमंत्री, मी लोकसभेची अध्यक्ष. आणि आजोबा सगळ्यात मोठे, म्हणून राष्ट्रपती!"

आजोबांची छाती फुगली. सुनेने पाठीला उशी दिली. तीही त्यांनी ऐटीत स्वीकारली. इथेच घात झाला.

"विधेयकाच्या बाजूने?"

मुलाचा हात वर गेला. सुनेचाही गेला, जरा रेंगाळत.

"विरोधात?"

आजोबांनी दोन्ही हात वर केले.

"आजोबा, हात खाली. राष्ट्रपतींना सभागृहात मत नसतं."

"अगं, मग तू तरी कर!"

"अध्यक्ष फक्त बरोबरी झाली तरच मत देतात. मंजूर!"

"मग मी राजीनामा देतो."

"तो उपराष्ट्रपतींकडे द्यायचा असतो. आपल्याकडे कुठेयत?"

"मग मला करता येतं तरी काय?"

"एकदा फेरविचाराला परत पाठवता येतं."

त्यांनी पाठवलं. पंतप्रधानांनी शर्टावरचा चहाचा डाग दाखवला आणि विधेयक पुन्हा मंजूर झालं.

"आता सही करावीच लागते हं," म्हणत नातीने कागद पुढे सरकवला.

सहीची आजोबांना सवय होती. बायकोच्या राज्यात सगळी खाती तिच्याकडेच. ती म्हणायची, "इथे करा सही," आणि हे न वाचता करायचे. फार सुखाचं राष्ट्रपतीपद होतं ते.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. टेबल डुगडुगलं, पेन घरंगळून खाली पडलं. ते उचलायला आजोबा वाकले आणि वाकलेलेच राहिले. टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याच्या बुडाला पेपरचा जुना चिटोरा चिकटला होता. आपला वाचून झालेला पेपर ती कुठे न्यायची, हे त्यांना आज कळलं. इतक्या वर्षांत ते एकदाही वाकले नव्हते.

वर येऊन त्यांनी घसा खाकरला. "सही किती दिवसांत करायची असते?"

नातीने पुस्तक चाळलं. "मुदत दिलेली नाहीये."

"झालं तर मग."

त्यांनी विधेयकाची चौघडी घातली आणि त्या पायाखाली सारली. मुलाने संशयाने कप टेबलावर ठेवला. चहा जागचा हलला नाही.

"आई होत्या तेव्हा असंच असायचं," सून हळूच म्हणाली.

मुलगा कपाकडे बघत राहिला. "पण बाबा, सही कधी करणार?"

"कागद मोकळा झाला की," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.