मुसंडेशेठची पायली

एका जंगलात महागाई नव्हती.

हसू नका मुलांनो, खरंच नव्हती. जंगलाच्या वेशीवर तशी पाटीच होती: 'येथे भाव वाढत नाहीत.' ही पाटी खुद्द राजाने, म्हणजे गजराजांनी लावली होती. आणि हत्तीने लावलेली पाटी खोटी आहे असं म्हणायची छाती कोणाची होणार?

त्या जंगलात किराण्याचं दुकान एकच होतं, मुसंडेशेठ नावाच्या रानडुकराचं. एका पायलीला पाच चिंचोके, हा भाव शेठच्या आजोबांपासून चालत आला होता. चिंचोके हे तिथलं चलन. तुमच्याकडे नोटा असतात, त्यांच्याकडे चिंचोके. फरक एवढाच, की चिंचोका अडीअडचणीला भाजून खाता येतो.

पायली तुम्हाला ठाऊक नसेल. ते धान्य मोजायचं भांडं. तुमच्या घरात असलंच, तर तुमच्या आईने त्यात शोभेचं झाड लावलं असेल. पायली भरायची एक रीत असते. काठापर्यंत दाणे आले की थांबायचं नाही. वर दाण्यांचा डोंगर रचायचा, दाणे ओघळायला लागेपर्यंत. त्या डोंगराला शीग म्हणतात. शिवाय पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ कोणाचा, हे विचारायची रीत नाही.

तर या जंगलात भिमाक्का नावाची एक वानरीण राहत होती. तिच्याकडे जागल्याचं काम होतं. उंच झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि बिबट्या दिसला की हाळी द्यायची. हाळी कशी, तर खणखणीत: "बिबट्या आला रेऽऽ! ओढ्याकडून आला रेऽऽ! बिळात शिरा, वर चढा, लेकरं सांभाळा रेऽऽ!" कोण आला, कुठून आला आणि आता काय करायचं, सगळं त्यात असायचं. याचे तिला जंगलाकडून महिन्याला पाच चिंचोके मिळत. पाच चिंचोक्यांची एक पायली. शीग धरून महिना कसाबसा निघायचा.

त्या वर्षी तिची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झालं, गुटगुटीत झालं. आता रीत अशी, की बाळंतीण सासरी परत जाताना तिचे गाल भरलेले असले पाहिजेत. नाही भरले, तर ओढ्यापलीकडची विहीणबाई जन्मभर ऐकवणार, "माहेरी काय पाला खायला घातला होता का?" भिमाक्काला बिबट्याची भीती नव्हती. विहीणबाईची होती.

ती दुकानात गेली. शेठने पायली भरली, "लाभ" म्हटलं आणि काठावरून एक सपाट फळी फिरवली. शीग खाली पडली. खाली म्हणजे शेठच्याच पोत्यात.

"अहो शेठ, शीग राहिली की!"

"राहिली नाही आक्का, काढली. शीग आरोग्याला वाईट. माशा बसतात तिच्यावर."

"आणि खालच्या दाण्यांवर बसत नाहीत?"

"तिथं काठ असतो ना. माश्यांना काठ कळतो."

"मग भाव?"

"भाव तोच! पाटी वाचली नाहीत का?"

भिमाक्काने पाटी वाचली. पाटीत काही चूक नव्हती. ती दाणे घेऊन घरी आली.

पुढच्या महिन्यात पायलीचं बूड वर आलं. बाहेरून पायली तेवढीच, पण आत हात घातला तर पूर्वी कोपर बुडायचं, आता मनगट बुडेना. "बूड मजबूत केलंय," शेठ म्हणाला. "गिऱ्हाइकांचीच मागणी होती." कोणत्या गिऱ्हाइकाने बूड मागितलं होतं, ते त्याने सांगितलं नाही.

त्याच्या पुढच्या महिन्यात पायलीच गेली आणि तिच्या जागी पळसाच्या पानांचा पुडा आला. पुडा चांगला टम्म फुगलेला. वर शिगोशीग भरलेल्या पायलीचं चित्र. भिमाक्काला बरं वाटलं. घरी येऊन तिने पुडा उघडला, तर 'फुस्स' झालं आणि तळाशी मूठ-दोन मुठी दाणे दिसले. ती तशीच परत फिरली.

"शेठ, यात हवा भरलीय!"

"हो. पण तिचे चिंचोके लावले का? नाही ना? फुकट आहे ती."

"आणि हे चित्र?"

शेठने चित्राखाली बोट ठेवलं. मुंगीच्या पायांनी लिहावं तसं बारीक लिहिलं होतं: 'चित्र केवळ शोभेसाठी.'

"अहो, पण पोट भरत नाही हो!"

"माप तेच आहे आक्का. तुमचं पोट वाढलंय. वयोमानाने होतं असं."

भिमाक्काने खाली पाहिलं. पोट पाठीला जाऊन चिकटलं होतं.

ती गजराजांकडे गेली. गजराजांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भाव वाढला का?"

"नाही महाराज, पण..."

"मग झालं तर."

गजराज स्वतः ऊस खात. उसाला शीग नसते.

उलट, इतकी वर्षं भाव न वाढवल्याबद्दल मुसंडेशेठचा जाहीर सत्कार झाला. सत्काराचं सामान शेठच्याच दुकानातून आणलं होतं, त्यामुळे शाल हातरुमालाएवढी निघाली आणि श्रीफळ म्हणून जे हातात पडलं ती सुपारी होती. शेठने ती कपाळाला लावली. "ही जनतेची सेवा आहे," तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सशांनी तर फारच वाजवल्या. रिकाम्या पोटी टाळी चांगली वाजते.

भिमाक्काने मग स्वतःचं जेवण बंद केलं. जे दाणे येत, ते लेकीच्या पानात जात.

"आई, तू जेवलीस?" सगुणा विचारायची.

"मी मघाशीच जेवले. करपलेलं होतं, मला तसंच आवडतं."

सगळ्या आया या एका बाबतीत पक्क्या लबाड असतात, आणि त्यांच्या या लबाडीला अजून कोणी शिक्षा ठरवलेली नाही.

पण एवढं करूनही पुरेना. एका दुपारी बाळ रडायला लागलं आणि काही केल्या गप्प बसेना. सगुणाचं दूध आटलं होतं. ती मान खाली घालून बसली होती, जशी काही चूक तिचीच होती. गाल भरणं दूरच, गालांना खळगे पडले होते. ते पाहून भिमाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागून राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बिबट्या आला. भिमाक्काने हाळी दिली: "बिबट्या आला रेऽऽ! ओढ्याकडून आला रेऽऽ!"

आणि गप्प बसली.

संकट टळल्यावर ससे झाडाखाली जमले. "आक्का, पुढचं राहिलं. 'लेकरं सांभाळा' नाही म्हणालात."

"राहिलं नाही, काढलं. लेकरं सांभाळा, हे काय सांगायला लागतं? हाळी सुटसुटीत केलीय. पगार मात्र वाढवून मागितला नाही हं."

गजराजांना हे फार आवडलं. त्यांनी तिचंही नाव सत्काराच्या यादीत घातलं.

पुढच्या खेपेला 'ओढ्याकडून' गेलं. जनावरं वाट फुटेल तिकडे पळाली. दोन चितळांची डोकी एकमेकांवर आपटली आणि एक मुंगूस चुकून सापाच्याच बिळात शिरलं. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. तरी कोणी फारशी तक्रार केली नाही. आवाज तोच होता, झाड तेच होतं.

त्याच्या पुढच्या खेपेला भिमाक्का नुसतंच म्हणाली, "आला रेऽऽ!" आणि मग नुसता लांबलचक श्वास सोडला, "हाऽऽऽ."

मुसंडेशेठ दुकानात पुडे फुगवत होता. त्याने 'आला रे' ऐकलं. दुकानदाराला 'आला' म्हटलं की गिऱ्हाईकच आठवतं. त्याने पुडा खाली ठेवला, तोंडावर हसू आणलं, पायरीवर येऊन हात जोडले आणि म्हणाला, "या, या! बसा! काय देऊ?"

बिबट्याने ते स्वतःच घेतलं.

शेठचं नशीब बलवत्तर. तो करवंदीच्या जाळीत घुसला आणि जिवानिशी वाचला. पण एक कान, शेपटी आणि मागच्या बाजूचा चांगला भरीव भाग बिबट्याबरोबर गेला. तो लंगडत, कण्हत भिमाक्काच्या झाडाखाली आला.

"आक्का! कोण आला ते का नाही सांगितलंत?"

"ते आता त्यात येत नाही शेठ."

"अहो, जीव गेला असता माझा! बघा, केवढा गेलो मी!"

भिमाक्का दोन फांद्या खाली उतरली. तिने शेठला सोंडेपासून, म्हणजे सोंडेसारख्या त्या नाकापासून मागपर्यंत नीट न्याहाळलं.

"मला तर तुम्ही तेवढेच दिसता," ती म्हणाली. "माझी नजर वाढली असेल. वयोमानाने होतं असं."

आता तुम्ही म्हणाल, शेठचे डोळे उघडले. मापात पाप केलं, त्याची शिक्षा मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने शीग परत सुरू केली.

डोळे उघडले हे खरं. शेठ उरलेल्या बाजूवर टेकून बसला, भिमाक्काकडे बघून म्हणाला, "आक्का, तुम्ही धंदा शिकलात. भागीदारी करता का?"

भिमाक्का नाही म्हणणार होती. नाही हा शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. तेवढ्यात वर बाळ रडलं.

दुसऱ्या दिवशी दुकानावर नवी पाटी लागली: 'आजोबांच्या काळची अस्सल पायली! शिगेसह! दहा चिंचोके.' साध्या पुड्याचा भाव पाच चिंचोकेच होता. म्हणजे भाव वाढला नव्हता, फक्त एक नवीन वस्तू आली होती. उद्घाटन गजराजांनी केलं. पाटीच्या खालच्या ओळीत होतं: 'तसेच दहा चिंचोक्यांत संपूर्ण हाळी मिळेल. कोण, कुठून, काय करावे, सर्व घरपोच. नावे आत नोंदवा.'

भिमाक्काला दर महिन्याला शिगोशीग पायली मिळू लागली. सगुणाचे गाल भरले, बाळ बाळसं धरून फांद्यांवर उड्या मारू लागलं. विहीणबाई घ्यायला आल्या, त्यांनी गाल पाहिले, गालांत खोट सापडेना, म्हणून बाळाच्या शेपटीला नावं ठेवून गेल्या.

ज्यांनी नावं नोंदवली होती, त्यांच्या दारावरच्या फांदीवर जाऊन भिमाक्का हळू आवाजात सगळं सांगायची. बाकीच्यांसाठी शेंड्यावरून 'आला रे' होतंच.

सशांकडे दहा चिंचोके नव्हते. कमी करून विकण्यासारखंही त्यांच्याकडे काही नव्हतं. ते पुड्यातली हवा खात आणि 'आला रे' ऐकलं की पळत. कधीकधी एखादा ससा नेमका बिबट्याच्या दिशेने पळताना भिमाक्काला वरून दिसायचा. तिचं तोंड उघडायचं. मग तिला घरातली शीग आठवायची, आणि ते मिटायचं.

पुढेपुढे तिने खाली बघणंच कमी केलं.

तात्पर्य: माप मारणाऱ्याला शिक्षा होते, हे तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते बरोबर आहे. मात्र त्याला ती परवडते. म्हणून मुलांनो, भरल्या मापासाठी भांडत बसू नये. आपल्याकडचं काय कमी करून विकता येईल ते बघावं. आणि तसं काहीच नसेल, तर निदान जोरात पळायला शिकावं. कुठे पळायचं ते विचारू नये. त्याचे चिंचोके वेगळे पडतात.