पाणी इथपर्यंत

दामूकाका नव्या माणसाला आधी नाव विचारत नसत. आधी त्याला भिंतीशी उभं करत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "नाकाच्या वर चार बोटं. बुडालात."

नदीकाठच्या पेठेत आमची जुनी दुमजली इमारत होती. तिच्या दारालगत भिंतीत एक दगडी पाटी होती. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पूर कुठवर चढला ते दाखवणारी. ‘पाणी इथपर्यंत’ आणि खाली आडवी रेघ, बस. आमच्या शेजारी राहणाऱ्या दामूकाकांनीच ती पदरमोड करून बसवली होती. खाली त्यांच्याच अक्षरात पुठ्ठा: ‘वाचावे. टेकू नये.’ रोज सकाळी ते पाटी कोरड्या फडक्याने पुसत. माझ्या आईने एकदा ओलं फडकं सुचवलं, तर म्हणाले, "वहिनी, हिला पाणी पुरे झालं."

मी पाच फूट तीन. "तुझं काही खरं नाही रमेश, तुझ्या डोक्यावरून होडी जाईल." लग्नानंतर माझ्या बायकोला सासरी माझ्याविषयी मिळालेली ही पहिली माहिती. पुढे ती फारशी बदलावी लागली नाही.

माझ्या पुतणीला बघायला हिंजवडीच्या कंपनीतला मुलगा आला, चांगला सहा फुटी. काकांनी त्याला दारातच अडवला.

"वा! कपाळ कोरडं."

"आणि नाक, काका?"

"नाक गेलं. पण ओळख पटेल."

मुलगा खो खो हसला. मला तर तिथेच जावई पसंत पडला.

एकच गोष्ट मला कधी कळली नाही. माझी आई अंगाने लहानखुरी. काका तिला मधूनच म्हणत, "वहिनी, जरा स्टुलावर उभ्या राहता?" आई पदर खोचून उभी राही. रेघ तिच्या हनुवटीशी येई. "वाचलात," काका म्हणत, आणि घरात जाऊन दार लावून घेत. मग चहाला हाक मारली तरी ओ देत नसत. "एकटा जीव," आई म्हणे, "चालायचंच."

मग पेठेत बिल्डर शिरले. जुन्या इमारती पडत गेल्या आणि त्यांच्यावरच्या पुराच्या खुणा राडारोड्यात गेल्या. काका प्रत्येक ठिकाणी जाऊन भांडले. "पाण्याने पुसलं नाही ते तुम्ही पुसताय!" एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "अंकल, सगळं नेटवर आहे." "मग नेटवर उभा राहून दाखव," काका म्हणाले. खुणा काही वाचल्या नाहीत.

आमचीही पाळी आली. जादा खोलीच्या आशेने आम्ही पटापट सह्या केल्या. काकांची अट एकच: पाटी त्याच जागी, त्याच उंचीवर लागली पाहिजे. बिल्डरने छातीवर हात ठेवून शब्द दिला. बांधकाम होईपर्यंत आम्ही वारज्यात सातव्या मजल्यावर भाड्याने राहिलो. काका शेजारीच. गॅलरीत हताश उभे असत. "इथे कोणी बुडतच नाही रे. माणसाकडे बघायचं तरी कसं?"

परतलो तर इमारतीला इंग्रजी नाव होतं, त्यात नदी आणि आनंद दोन्ही होते. पाटीही होती. पण प्रवेशदाराच्या वर, जिथे गणपती बसवतात तिथे. झेंडूचा हार, पिवळा दिवा.

"काकांची एवढी मानाची वस्तू," बिल्डर हात जोडून म्हणाला, "ती काय माणसाच्या नाकाशी लावायची?"

नवे रहिवासी चपला काढून नमस्कार करत होते. एक बाई मुलीला सांगत होती, "बघ, केवढं वर आलं होतं पाणी!"

मी तावातावाने बिल्डरकडे वळलो. काकांनी दंड धरला. "थांब. वहिनी, जरा स्टूल..."

आईचे गुडघे आता गेले होते. मी धरून तिला वर चढवलं. पाटी तिच्या डोक्याच्याही हातभर वर राहिली.

"बुडालात," काका हळूच म्हणाले. मग मला, "राहू दे रे वरच."

"अहो काका, पण हे खोटं आहे! तुम्हीच तर..."

"पूर वरून छान दिसतो म्हणून आम्ही पोरं पर्वतीवर गेलो होतो. आई घरात एकटी. मी बजावलं, पलंगावर बसून राहा, हलू नकोस, आलोच. ती बसूनच राहिली रे. त्या पलंगावर नुसती उभी राहिली असती तरी..." त्यांचा हात हनुवटीशी गेला. "तुझ्या आईएवढीच होती." ते पुन्हा पाटीकडे बघत राहिले. "एवढं पाणी असेल, तर मग काही उपायच नव्हता. नाही का, वहिनी?"

आई स्टुलावरूनच म्हणाली, "नव्हताच, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कोरडं फडकं घेऊन दाराशी उभे दिसले. हात पाटीपर्यंत पोचत नव्हता.

"स्टूल आणू का, काका?"

"नको," ते म्हणाले. "मी त्या दिवशीही उंचावरच होतो."