हरवलेल्यांसाठी वरात

डोंगरात माणूस हरवला की चोपड्यात लोक आधी रशीदचाचांना फोन करतात. चाचा लग्नाच्या बँडचा लाल कोट चढवतात, छातीवरची सोनेरी झालर झटकतात आणि ट्रम्पेट घेऊन निघतात. "कोट लांबून दिसतो, बाजा लांबून ऐकू येतो. हाकेला माणूस ओ देत नाही, वरातीला बरोबर येतो," हे त्यांचं शास्त्र.

चाचा बँडचे मालक, मी त्यांच्याकडे झांज वाजवतो. माझं घर पार वेंगुर्ल्याकडे. सातवीतच शाळा सुटली, काम शोधत इकडे आलो. चाचांनी खोली दिली, ताट दिलं. आता माझ्या डोक्यावरचे केस उडाले, तरी ते मला 'कोकण्या'च म्हणतात. जंगलाची मला भयंकर भीती. पण चाचा एकटे गेले तर घरी बसून जास्त भीती वाटते, म्हणून जातो.

पावसाळ्यात लग्नं बंद, आणि नेमके तेव्हाच जळगावकडचे लोक सातपुड्यात धबधबे बघायला येतात. रविवारी चाचा वाटेवर खुर्ची टाकून बसतात. "घर सांगीसन उना का?" घरी सांगून आलास का, हा पहिला प्रश्न. कुणी मोबाईलवर नकाशा दाखवला की म्हणतात, "याले माहीत शे. तुले माहीत शे का? बॅटरी संपली की हा खिशात झोपेल. तू कुठे झोपशील?"

गेल्या श्रावणात एक टोळकं एका मित्राला वरच विसरून खाली आलं.

"आम्हाला वाटलं, तो पुढे गेला."

"नवरदेव सोडून वरात आली बघ, कोकण्या."

वर ढग उतरले होते, नाला फुगत होता. अंधाराआधी तो पोरगा नाल्याच्या अलीकडे यायला हवा होता.

आम्ही वाजवत चढलो. पाड्यावरचे दोघे नाचत सामील झाले, मागून एक बकरीही आली. पोरगा काही येईना. चाचांचा चेहरा उतरला. मग माझं लक्ष चालीकडे गेलं. दिवस कलला की बँडवाल्याची बोटं आपोआप बिदाईवर जातात. जन्मभर त्याच वेळेला नवरी निघत आलेली.

"चाचा, बिदाई वाजतेय."

"या अल्ला. यावर कोण चालेल? माणूस बसून रडतो."

त्यांनी नाचाची चाल धरली. थोड्या वेळात पोरगा झुडपातून आला, डोळे सुजलेले. उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं होतं. बिदाई ऐकून तो खरंच दगडावर बसून रडत होता.

"माफी मागतो, चाचा."

"माझी कशाला? आईची माग." नाला ओलांडल्याबरोबर त्यांनी तिला फोन लावायला लावला. मग स्वतः बोलले. रात्री तो घरी पोचल्यावर पुन्हा बोलले.

सकाळी चहा पिताना म्हणाले, "लाव रे त्या बहेनजींना फोन. पोचला का, विचारायचं राहिलं."

मी स्पीकरवर लावला. पोरगा पोचला का, जेवला का, सर्दी तर नाही झाली, सगळं विचारून झालं. तरी ते फोन ठेवेनात. तिकडून त्याच्या आईनं विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी कोण कोण?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं.

"पोरगा शे ना माझा," ते म्हणाले. "झांज वाजवतो. तालात चुकतो जरा, पण शे."