इन्स्पेक्टर चंपाच्या घरून बोलतेय

बुधवारी सकाळी शेवंतीबाई चिंदरकरांचा फोन वाजला तेव्हा त्या मोरीत बसून बांगडे साफ करत होत्या. त्यांनी कोपरानेच फोन स्पीकरवर टाकला.

“इन्स्पेक्टर चंपा आहेत का?” एका मुलीने विचारलं.

“राँग नंबर,” शेवंतीबाई म्हणाल्या.

बांगडे तळून होईपर्यंत आणखी चार फोन आले. चौघांनाही चंपाच हवी होती. शेवटच्या मुलीने तर राँग नंबर ऐकूनही विचारलं, “बरं, पण मॅडमची ती डॉक्टर त्यांना सोडून जाणार नाही ना?”

संध्याकाळी त्यांचा मुलगा वैभव घरी आला. तो लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीत चित्रं काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी, काळाचौकीच्या त्या दोन खोल्यांत खिडकीजवळच्या टेबलावर स्वतःचं कॉमिक काढायचा. त्याच्या सुपरहिरोचं नाव भोंगा. बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा त्याच्या गळ्यात उतरला होता, आणि तो ओरडला की चोरांच्या हातातल्या वस्तू गळून पडत. आतापर्यंत चार अंक निघाले होते. शेवंतीबाईंनी एकही वाचला नव्हता.

“चंपा कोण रे?” त्यांनी विचारलं.

वैभवने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “माझ्या कॉमिकमधली पोलीस आहे. का?”

“तिचे फोन माझ्याकडे येतायत.”

वैभवने चौथा अंक काढून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. एका चित्रात इन्स्पेक्टर चंपा एका म्हाताऱ्याला म्हणत होती, “काही लागलं तर या नंबरवर फोन करा.” छापायला देण्याच्या घाईत त्याने सुचतील ते दहा आकडे लिहिले होते. हाताने आपसूक आईचा नंबर लिहिला होता. ते चित्र आता कुणीतरी इन्स्टावर टाकलं होतं.

“मला दुसरा कुठला नंबर पाठच नाही, आई,” तो म्हणाला. “नवीन सिम घेऊया.”

“ह्या नंबरावर गॅस आहे, बँक आहे, आधार आहे. नंबर बदलणार नाही. तुझी चंपा बदल.”

पण चंपा बदलणं सोपं नव्हतं. लोक अंक विकत घ्यायचे ते तिच्यासाठी. भोंग्याबद्दल आजवर एकानेही काही विचारलं नव्हतं. तो उडत आला, ओरडला आणि गेला, की मागे पंचनामा करायला उरायची ती चंपा. लोकांना तिच्याबद्दलच कुतूहल.

“आण बघू तो अंक,” शेवंतीबाई म्हणाल्या.

हे मात्र वैभव टाळत आला होता. त्याने अंक दिला आणि उगाचच खिडकीतून खाली बघत राहिला. शेवंतीबाईंनी चष्मा लावून एकेक पान वाचलं. अठराव्या पानावर चंपा घरी येऊन कमरेचा पट्टा काढत होती, आणि डॉक्टर दीपिका तिच्या हातात चहा देऊन तिच्या खांद्यावर डोकं टेकत होती. तिथे शेवंतीबाई थांबल्या.

“ह्या दोघी बहिणी नाहीत.”

“नाहीत.”

“नवरा-बायकोसारख्या?”

“हो.”

शेवंतीबाईंनी ते पान जरा लांब धरून पाहिलं. “चंपाच्या आईला ठाऊक आहे?”

वैभवने वळून पाहिलं. “ते मी अजून लिहिलं नाही.”

“म्हणूनच पोरी फोन करतायत,” शेवंतीबाई म्हणाल्या. “आधीचे तीन कुठे ठेवलेस?”

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांनी राँग नंबर म्हटलं नाही. खोटंही बोलायचं नव्हतं, म्हणून त्या म्हणाल्या, “चंपाच्या घरून बोलतेय. ती ड्युटीवर आहे. काय ते मला सांग.”

दादरच्या त्या मुलीने अर्धा तास सांगितलं. घरी कसं सांगू, हाच तिचा प्रश्न होता. “आधी जेवायला वाढ, मग सांग,” शेवंतीबाई म्हणाल्या. “भुकेल्या माणसाला नवीन काही सांगू नये.” मुलीने चार दिवसांनी पुन्हा फोन केला. आई रडली होती, पण भात दुसऱ्यांदा घेतला होता.

मग ही गोष्ट पसरली. दुपारी दोन ते चार चंपाच्या घरचे फोन लागतात, हे पोरींना कळलं. दोघीतिघींच्या आयांशी शेवंतीबाई स्वतः बोलल्या. वैभव ऑफिसातून विचारायचा, “आज कोण?” आणि रात्री पाचव्या अंकाची पानं आईला दाखवायचा. त्या बिनदिक्कत सांगायच्या, “चंपा असं बोलणार नाही. खोड ते.”

घोटाळा झाला तो परळच्या एका गृहस्थांमुळे. मुलीचं बळजबरीने लग्न ठरवत होते. तिच्या फोनवरून त्यांनीच शेवंतीबाईंना दरडावलं. शेवंतीबाई म्हणाल्या, “पोरगी सज्ञान आहे. लक्षात ठेवा, चंपाच्या घरून बोलतेय.” गृहस्थ थेट पोलीस ठाण्यात गेले आणि ही इन्स्पेक्टर चंपा नेमकी कुठे नेमणुकीला आहे, याची चौकशी करू लागले.

शनिवारी सकाळी दारात एक महिला पीएसआय आणि एक हवालदार उभे राहिले. पीएसआयच्या छातीवर नाव होतं, श्रेया केळुसकर. वैभवच्या हातातला ब्रश खाली पडला.

“पोलीस असल्याची बतावणी करणं गुन्हा आहे, माहितीय ना?” त्या म्हणाल्या. “इन्स्पेक्टर असल्याचं तुम्ही सांगितलंत?”

“नाही हो. चंपाच्या घरून बोलतेय म्हटलं. ती इथेच तर राहते.” शेवंतीबाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं.

श्रेया केळुसकरांनी अंक उचलला. उभ्याउभ्या चाळायला घेतला आणि अठराव्या पानाशी येईपर्यंत त्या खुर्चीवर बसल्या होत्या. 

“इन्स्पेक्टरला तीन स्टार असतात,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुम्ही दोन काढलेत. ही माझ्यासारखी पीएसआय झाली.”

“सॉरी, मॅडम. पुढच्या अंकात दुरुस्त करतो.”

“राहू दे,” त्या म्हणाल्या आणि हवालदाराला खालून चहा घेऊन यायला सांगितलं. तो गेल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “परळच्या त्या मुलीकडे मी जाऊन आलेय. तेवीस वर्षांची आहे, वडिलांना समज दिलीय. तो विषय संपला. तुम्ही आयांशीही बोलता म्हणे?”

“बोलते कधी कधी.”

“माझी आई केळूसला असते. वेंगुर्ल्याजवळ.”

शेवंतीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तिचं नाव काय?”

“आईचं?”

“तुझ्या डॉक्टरचं.”

“पूर्वी. डॉक्टर नाही, शाळेत शिकवते.” श्रेयाने आवाज खाली आणला. “चार वर्षं एकत्र राहतो. तीनदा गावी गेले सांगायला. तीनदा फणस घेऊन परत आले.”

शेवंतीबाईंनी श्रेयाकडून तिच्या आईचा नंबर घेतला, फोन स्पीकरवर टाकला आणि मालवणीत सुरुवात केली. “मी मुंबैसून बोलतंय. तुमच्या श्रेयाबद्दल जरा बोलूचा होता.”

 पलीकडून बारीक आवाज आला, “काय केल्यान तिना? सस्पेंड झाली?”

“नाय गो. ती बरी आसा. ती आणि ती पूर्वी, दोघी… म्हणजे नुसत्या मैत्रिणी नाय त्या.”

“मगे?”

“मगे म्हणजे…” शेवंतीबाई पहिल्यांदाच अडखळल्या.

“ता माका कधीच कळला हा,” केळूसची आई म्हणाली. “रूममेटीक आवडता म्हणून कोण गावासून दरवर्साक आंबोशी नेता? मी वाट बघतंय, ही सांगतली कधी. ही येता, पोलिसासारखी उभी रवता, आणि फणस घेऊन जाता.”

श्रेया केळुसकरांनी टोपीने तोंड झाकलं. खांदे हलत होते, पण रडतायत की हसतायत ते वैभवला कळेना.

“पण तुम्ही कोण?” आईने विचारलं. आता आवाजात संशय होता. “माझ्या चेडवाच्या घरातला तुमका कसा म्हायत?”

शेवंतीबाईंची पंचाईत झाली. नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं होतं, पण समोर पोलीस बसली होती. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि श्रेयाकडे पाहिलं.

श्रेयाने डोळे पुसले, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि फोन हातात घेतला.

“आई, मी श्रेया,” ती म्हणाली. “त्यांच्याशी जरा अदबीनं बोल. त्या आमच्या इन्स्पेक्टर मॅडम आहेत.”