सान बेर्नार्दोची एकुलती एक किल्ली

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता एर्सिलियाने दारामागच्या खिळ्याकडे हात नेला आणि तो हात तसाच हवेत राहिला. खिळा होता, किल्ली नव्हती. दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उन्हाची टोपी हातात धरून उभे होते आणि त्यांना सान बेर्नार्दोच्या चर्चमधली भिंतीवरची चित्रे पाहायची होती.

"चर्चच्या दारावर चिठ्ठी आहे," ते म्हणाले. "किल्ली एर्सिलियाकडे, हिरवं दार, बारापूर्वी किंवा चारनंतर. हिरवं दार हेच ना?"

"हिरवं हेच," एर्सिलिया म्हणाली. तेवढे तरी तिला खात्रीने सांगता येत होते. "तुम्ही कॉफी घेतली नसेल."

"घेतली की. खाली, बस थांबते तिथे."

"ती कॉफी नसते. बसा."

आमच्या गावात, रोक्कामुन्यात, किल्ली म्हटले की एकच. वीतभर लांब, काळीकुट्ट, हातात घेतली की मनगट खाली जाते अशी. डोंगराच्या टोकावरचे ते चर्च साडेपाचशे वर्षांचे आणि किल्लीही तेवढीच जुनी. ती सांभाळण्याचा मान तेरेझिओच्या घराण्याचा. नऊ वर्षांपूर्वी तेरेझिओ वारला आणि किल्ली त्याच्या बायकोच्या, म्हणजे एर्सिलियाच्या खिळ्यावर राहिली. हे तेरेझिओच्या थोरल्या बहिणीला, क्लेलियाला, मुळीच रुचले नव्हते. किल्ली घराण्याची, मग ती घराण्यात जन्मलेल्या माणसाकडे नको का? एर्सिलिया पडली बाहेरची. बाहेरची म्हणजे दरीपलीकडच्या गावची. तिथली वाळत घातलेली धुणी आमच्या गच्चीवरून मोजता येतात, पण बाहेरची ती बाहेरचीच.

त्यातून आमच्याकडे नियम असा की दरवर्षी सणाच्या रविवारी किल्ली सांभाळणाऱ्याने ती सगळ्या गावासमोर उंच धरून दाखवायची. दाखवता आली नाही तर ती घराण्यातल्या पुढच्या माणसाकडे जाते. क्लेलिया दर सणाला पहिल्या बाकावर बसते आणि एर्सिलियाने हात वर करायच्या आधी चष्मा पुसून घेते. यंदाचा सण तीन दिवसांवर आला होता.

पाहुण्यांचे नाव गुआल्दी. तोरिनोच्या एका शाळेत पस्तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेले प्रोफेसर. त्यांना सगळ्याचेच कुतूहल. कॉफी पिता पिता त्यांनी गल्लीवरून समोरासमोरच्या घरांना टेकू देणाऱ्या कमानी कशासाठी, हे विचारले. "भूकंपात एकमेकांच्या अंगावर पडू नयेत म्हणून," असे एर्सिलियाने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून सांगितले. त्यांनी ते वहीत उतरवले आणि पिठाच्या डब्यात काय शोधताय, असेही विचारले.

आता ह्या माणसाला घराबाहेर काढल्याशिवाय धड शोधताही येईना. एर्सिलिया म्हणाली, "अगंबाई, विसरलेच. किल्ली तेल घालायला दिलीय. ओलिंदोकडे, चौकातला बार. त्याच्याकडे मागा." जे पहिले नाव तोंडात आले ते तिने सांगून टाकले होते.

ओलिंदो कप पुसत होता. प्रोफेसरांनी टोपी काढून सांगितले, "चर्चची किल्ली तुमच्याकडे आहे असं एर्सिलियाबाई म्हणाल्या."

ओलिंदोने कप अतिशय हळू खाली ठेवला. "असं म्हणाली? ती स्वतः?"

"हो. तेल घालायला दिलीय म्हणे."

"तेल," ओलिंदो म्हणाला. "टोमणा कळला मला. कधीपासून माहितीये तिला?"

"काय?" प्रोफेसरांनी वही उघडली. "बरं, एक विचारू? अशा जुन्या किल्ल्यांची नक्कल करता येते का हो? म्हणजे दुसरी बनवलेली असू शकते का?"

ओलिंदोने वहीकडे पाहिले, पेन्सिलीकडे पाहिले. हा माणूस चित्रे पाहायला आलेला नाही, सरकारने धाडलेला आहे, ह्याविषयी त्याच्या मनात काही शंका उरली नाही. "मला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला. "नेविओ गवंडी आहे ना, कारंज्यापलीकडे, त्याला विचारा. तो जुन्या वस्तूंतला जाणकार." प्रोफेसर कोपऱ्यावरून वळताच त्याने गल्ल्यातल्या नाण्यांखालून एक वीतभर लांब किल्ली काढली, बारच्या दारावर 'आत्ता येतो'ची पाटी लावली आणि चढ चढायला लागला. ओलिंदो वजनाने एकशे दहा किलो आहे आणि तो चढ त्याने गेल्या दहा वर्षांत दिवसाउजेडी चढलेला कोणी पाहिला नव्हता.

नेविओने चुना कालवता कालवता सगळे ऐकून घेतले. एर्सिलियाने ओलिंदोकडे पाठवले, ओलिंदोने माझ्याकडे. म्हणजे दोघांनी मिळून मला पुढे केले, असा हिशेब त्याने मांडला.

"किती नकला आहेत, ते लिहून घेताय का?" त्याने विचारले.

"आहेत का?" प्रोफेसर खूश होऊन म्हणाले.

"मी कुठे म्हटलं आहेत म्हणून? तुम्ही असं करा, क्लेलियाकडे जा. वरची आळी, जेरेनियमच्या कुंड्या. किल्लीबद्दल तिच्याइतकं कोणी बोलत नाही." आणि चुना तसाच टाकून तोही वरच्या वाटेला लागला. त्याच्या खिशात काहीतरी जड लोंबकळत होते.

इकडे एर्सिलियाने गादी उलटी केली, कोंबड्यांच्या खुराड्यात डोकावून पाहिले, तेरेझिओच्या कोटाचे खिसेसुद्धा चाचपले. तिला रडू यायला लागले होते. किल्ली हरवली ह्याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठे दुःख हे, की तेरेझिओने शेवटच्या दिवसांत तिचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती, किल्ली सांभाळ. ती तोंड धुवायला मोरीशी गेली आणि तिथे भिजत घातलेले करपलेले पातेले तिला दिसले.

काल दुपारी चुलीवर छोले ठेवून ती चर्चमध्ये गेली होती. चर्च रोज झाडावे लागते, असे ती चाळीस वर्षे सांगत आली होती. दार आतून लावून घेतले, किल्ली कुलपातच ठेवली. मग एकदम छोले आठवले आणि ती मागच्या छोट्या दाराने घराकडे धावली, कारण ते जवळ पडते. ते दार एकदा ओढले की आपोआप लागते आणि बाहेरून उघडत नाही. म्हणजे किल्ली हरवलेली नव्हती. ती पुढच्या दाराच्या कुलपात, आतल्या बाजूने, शांतपणे बसली होती.

एर्सिलियाने सुटकेचा श्वास सोडला आणि खिडकीबाहेर पाहिले, तर उन्हाची टोपी क्लेलियाच्या कुंड्यांपाशी. तिने पायातल्या सपाता बदलल्याही नाहीत.

क्लेलियाला प्रोफेसरांनी एवढेच विचारले होते की, "किल्ली तुमच्याकडे आहे का?" अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या क्लेलियाला हा प्रश्न गेल्या नऊ वर्षांत कोणी विचारला नव्हता. तिने हातातली झारी खाली ठेवली. मग आत गेली, ॲप्रनच्या खिशात काहीतरी घालून बाहेर आली आणि म्हणाली, "चला. जे व्हायचं ते चारचौघांत होऊ दे."

चर्चपाशी ओलिंदो कुलपासमोर गुडघे टेकून बसला होता आणि नेविओ त्याच्या मागे उभा होता.

"काय करतोस रे?" क्लेलियाने विचारले.

"प्रार्थना," ओलिंदो म्हणाला. लग्नानंतर त्याला प्रार्थना करताना कोणी पाहिले नव्हते.

"कुलपाची?"

"आत जातच नाहीये," नेविओ न राहवून म्हणाला. "माझीही जात नाही. आतून काहीतरी अडकलंय."

"तुझीही?" ओलिंदोने मान वळवली. "तुझ्याकडे कुठून आली?"

"तेरेझिओने दिली. म्हणाला, फक्त तुलाच देतोय, कोणाला बोलू नकोस."

"मलाही हेच म्हणाला."

क्लेलियाने ॲप्रनच्या खिशातून आपली काढली. "मी सख्खी बहीण. मलाही हेच म्हणाला."

नेमकी तेव्हाच एर्सिलिया धापा टाकत चढावरून वर आली. तिच्यासमोर तीन माणसे तीन किल्ल्या घेऊन उभी होती आणि साऱ्या रोक्कामुन्यात रिकाम्या हाताची ती एकटीच होती. प्रोफेसर भराभर लिहीत होते.

"आणि तुझी कुठेय, एर्सिलिया?" क्लेलियाने विचारले.

"कुलपात आहे, वन्सं. आतून."

"आतून का लावलं होतंस?"

"झाडत होते," एर्सिलिया म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

आता आत जायला उरली मागची छोटी खिडकी. ओलिंदोचा प्रश्नच नव्हता, नेविओचे खांदे गवंड्याचे, आणि दोन्ही बायकांची वये धरून दीडशेच्या वर. सगळ्यांनी प्रोफेसरांकडे पाहिले. "पस्तीस वर्षं मुलांना खिडकीतून उड्या मारू नका म्हणून सांगितलं मी," ते म्हणाले, आणि टोपी क्लेलियाच्या हातात देऊन नेविओच्या खांद्यावर चढले. ते आत पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग किल्ली फिरली आणि दार उघडले.

"इथे राहतं कोण?" प्रोफेसरांनी विचारले.

नरकाच्या चित्रासमोर, खादाड पाप्यांना सैतान जिथे कढईत तळत होता बरोबर तिथे, खारवलेल्या डुकराच्या पाच तंगड्या टांगल्या होत्या. साहजिकच चित्रातले कोणी दिसत नव्हते, फक्त एका सैतानाचे शेपूट. खांबामागे वाईनचे चार बुधले. वेदीच्या पडद्याखाली खारवलेल्या मांदेलीच्या बरण्या रांगेने मांडल्या होत्या.

"ह्या तंगड्या डॉन अत्तिलिओंच्या ना?" एर्सिलिया हळूच म्हणाली. "मी म्हटलं पाद्री असला तरी माणूसच आहे, आपण कशाला बोला."

"माझ्या आहेत," ओलिंदो म्हणाला. "डॉन अत्तिलिओंना वाटतं तुझ्या आहेत. मला एकदा विचारत होते, बिचारीला घरी जागा कमी पडते का म्हणून."

"आणि ख्रिसमसला तू मला पाठवतोस ती तंगडी? नेविओचा वाईनचा बुधला?"

"भाडं. तेरेझिओने ठरवून दिलं होतं."

"मी तो किल्लीचा मान समजत होते."

"मानच तो. नुसतं भाडं असतं तर नऊ वर्षं इतकं वेळेवर दिलं असतं का मी?"

मांदेलीच्या बरण्यांबद्दल कोणी विचारायच्या आत क्लेलिया म्हणाली, "माझ्या. इथल्यासारखा गारवा घरी नाही." एर्सिलिया त्या वासाला इतकी वर्षे जुन्या भिंतींचा वास समजत आली होती.

तेवढ्यात प्रोफेसर शेवटच्या बाकापाशी वाकले. त्या बाकावर एक उशी होती, घडी घातलेली गोधडी होती आणि खाली गुलाबी फुलांच्या सपाता होत्या. त्यांनी त्या उचलून सगळ्यांना दाखवल्या. "आणि ह्या कोणाच्या?"

एर्सिलियाने तोंड उघडले, पण तिच्याआधी तीन आवाज एकदम आले.

"माझ्या," ओलिंदो म्हणाला.

"माझ्या," नेविओ म्हणाला.

"माझ्या," क्लेलिया म्हणाली.

प्रोफेसरांनी ओलिंदोच्या पायांकडे पाहिले आणि सपाता जागच्या जागी ठेवून दिल्या. एर्सिलिया सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"किल्ली देताना त्याने सगळ्यांनाच बजावलं होतं," नेविओ म्हणाला. "केव्हाही जा, पण दोन ते चार जायचं नाही. एर्सिलिया झोपते."

"त्याला माहीत होतं?" तिने विचारले. "तो तर दुपारी पत्ते खेळायला जायचा."

"कुठले पत्ते," क्लेलिया म्हणाली. "बाहेर पायरीवर बसून असायचा. कोणी दार वाजवू नये म्हणून. मी रोज माझ्या खिडकीतून बघायचे. आम्ही सख्खी भावंडं, पण माझी झोपमोड झाली तर विचारलं नाही त्याने कधी." हे ती रागावूनच म्हणाली. मग तिने गोधडीचे एक टोक, जे सरळच होते, पुन्हा सरळ केले. एर्सिलिया बाकावर बसून रडली, आणि तिला कोणी थांबवले नाही.

रविवारी सण झाला. तंगड्या आणि बुधले एका दिवसापुरते नेविओच्या अंगणात गेले होते, त्यामुळे गावाने कितीतरी वर्षांनी नरक पाहिला. एर्सिलिया किल्ली घेऊन उठली, दोन पावले चालली आणि पहिल्या बाकापाशी थांबली. किल्ली तिने क्लेलियापुढे धरली. "वन्सं, यंदा तुम्ही दाखवा."

क्लेलियाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि किल्लीकडे नीट पाहून घेतले. "मला कशाला?" ती म्हणाली. "माझ्याकडे आहे की."

प्रोफेसर गुआल्दींना सणाच्या गर्दीत चित्रे धड पाहता आली नव्हती, म्हणून सोमवारी ते खालून पुन्हा आले. तेव्हा अडीच वाजले होते. चर्चच्या पायरीवर क्लेलिया विणकाम घेऊन बसली होती.

"चारनंतर या," ती म्हणाली.

"का? आत कोण आहे?"

"कोणी नाही."

दारामागून बारीकसा घोरण्याचा आवाज येत होता. प्रोफेसरांनी तो ऐकला, वही खिशातून काढली, पुन्हा खिशात घातली आणि टोपी मांडीवर ठेवून क्लेलियाच्या शेजारी पायरीवर बसले.