झिपरीमावशीने काढलेल्या बिया

एका जंगलात, बालमित्रांनो, झिपरी नावाची एक अस्वलीण राहत होती. वादळात घरट्यातून पडलेलं पोपटाचं पिल्लू तिने घरी आणून वाढवलं. त्याचं नाव हिरू. गुहेला दार नव्हतं, पण हिरूला मावशीच्या हातूनच खायची सवय.

एकदा शेजारची साळिंदर, साळूबाई, येऊन म्हणाली, "झिपरे, ऐकलंस का? सफरचंदाच्या बिया पाखरांना बाधतात. आणि फळं धुतल्याशिवाय देऊच नयेत."

 आदल्याच दिवशी हिरूने अख्खं सफरचंद फस्त केलं होतं.

त्या दिवसापासून ती प्रत्येक फळ ओढ्यावर खळखळून धुऊ लागली. पण जाड पंज्यांनी बिया निघेनात. मग तिने त्या तोंडाने काढल्या. बिया निघाल्या, सफरचंदही गेलं. दुसऱ्याचंही तेच झालं. पुढे केळं आतून बरं आहे ना, हे पाहणं आलं. पपई तर पूर्ण तपासल्याशिवाय देणं तिच्या जिवावर आलं.

हिरूच्या वाट्याला साल यायची. कधी तीही संशयास्पद निघायची.

"झिपरे, तू चांगली भरलीस गं," साळूबाई म्हणाली. "पोर मात्र वाळलं."

"काळजीने सुजलेय मी," झिपरी म्हणाली.

एका सकाळी हिरू चक्कर येऊन फांदीवरून खाली पडला. झिपरीने रडतरडतच त्याला बगळेवैद्यांकडे नेलं.

"उपाशी आहे," वैद्य म्हणाले.

"अहो, रोज टोपलीभर फळं संपतात."

"कोण संपवतं?"

झिपरीने तोंडाला लागलेला पपईचा गर घाईघाईने पुसला.

"पेरू धुऊन द्या," वैद्य म्हणाले. "त्याच्या बिया चालतात."

घरी तिने पेरू धुतला. तो हिरूपुढे ठेवताना तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"मावशी, तू जरा बाहेर बसतेस का?" हिरू हळूच म्हणाला.

ती बाहेर गेली आणि दोन्ही पंजे मांडीखाली दाबून पाठमोरी बसली. आतून कुरतडण्याचा आवाज येऊ लागला. तिचा जीव भांड्यात पडला.

"गोड आहे का रे?"

"आहे."

"नक्की ना? मी जरा येऊन..."

"मावशी, बस तिथेच."

झिपरी बसून राहिली. आयुष्यात एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं.

तात्पर्य : पाळलेल्या पाखराला फळ देताना ते स्वच्छ धुवावं, घातक बिया काढाव्यात आणि एवढं झाल्यावर ते पाखरालाच द्यावं. ही शेवटची पायरी माया फार असली की राहून जाते.