पोटभर जेवलेले कावळे

आणखी पाच वर्षांत आमची चिकूची वाडी जगाला धडा शिकवणार होती. त्या रविवारी अंगणात केळीचे खुंट तोडता तोडता बाबांनी मला तसं जाहीरच केलं.

"खत विकतचं नाही, औषध विकतचं नाही. तलासरीहून लाहूच्या गोठ्यातलं शेण येतं, त्याच टेम्पोतून आपले चिकू आणि बियाणं जातं. मध्ये बाजार नाहीच. निलम, उद्या सगळीकडे हेच होणार बघ."

"सगळीकडे कळवलंत का?"

"आधी आपल्या ऋषभला कळू दे," बाबा म्हणाले.

ऋषभ माझा चुलतभाऊ. त्याला वाडीत रिसॉर्ट काढायचं होतं. नावही ठरलं होतं. बाबा हसत हसत उठले आणि तोडलेले खुंट झाडांच्या बुंध्याशी पसरायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच, त्या ओल्या पाल्यावर, ते कोसळले. डहाणूला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

२०१९ चा नोव्हेंबर होता. दिवाळी उलटली तरी पाऊस हटत नव्हता. निम्मे चिकू झाडाखाली सडत होते. आता वाडी माझ्या नावावर येणार होती, आणि तिचं मी काय करणार हे मला कुणी विचारत नव्हतं. सगळे नुसते बघत होते.

दहाव्याला आमच्या चिखले गावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाजवळ ऋषभने पिंड मांडले. बाबांना मुलगा नव्हता. मुलगी होती, पण पिंडाला ती चालत नव्हती. आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली, अशी आपली समजूत.

कावळाच येईना.

"त्याचं काहीतरी मागे राहिलंय," गोदूआत्या म्हणाली. "ऋषभ, शब्द दे."

ऋषभने हात जोडले. "काका, वाडीत युरिया टाकणार नाही."

आभाळ रिकामं.

"लाहूचं शेण बंद करणार नाही."

काहीच नाही.

"रिसॉर्ट छोटं बांधू."

"अरे, घासाघीस काय करतोस?" आत्या खेकसली.

"मातीच्या खोल्या, काका. एसीसुद्धा नाही."

गुरुजींचं टक्कल तापून लाल झालं. तेवढ्यात लाहू आला. तलासरीहून निघून तो आधी वाडीत डोकावून आला होता. आमचे चेहरे बघून त्याने विचारलं, "काय झालं?"

"कावळा येत नाही," मी म्हटलं.

"येणार कसा? सगळे वाडीत आहेत. जत्रा भरलीय तिथे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाच वर्षं विष न पडलेली जमीन, पाल्याखाली किडे, अळ्या, गांडुळं, वर पावसाने पाडलेले चिकू. चिखल्यातला प्रत्येक कावळा तिथे पोटभर जेवत होता. भाताच्या गोळ्यासाठी उन्हात कोण येणार? बाबांचा प्रयोग यशस्वी झाला होता आणि त्यापायी बाबाच अडकले होते.

"हाकलून आणतो," म्हणत ऋषभ थाळी घेऊन वाडीकडे धावला. लवकरच थाळीचा ठणठणाट ऐकू आला, आणि खरोखर कावळे आले. काळा ढगच आला. तो पिंडांवरून सरळ पुढे गेला आणि हिरी कोळणीने बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांवर उतरला. पावसाने नेमकी त्याच दिवशी उघडीप दिली होती.

हिरी काठी घेऊन धावली. "कोणाचे रे हे कावळे?"

"काकांचे," मागून धापा टाकत आलेला ऋषभ म्हणाला.

"मग बोलव तुझ्या काकाला!"

हिरीने पिंडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते पालावाले?" तिने काठी खाली केली. "खाऊ दे मग थोडे."

कावळ्यांनी थोडे खाल्ले नाहीत. हिरी बघत उभी राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

गुरुजींना पुढे बोर्डीला जायचं होतं. ते दर्भाचा कावळा करायला बसले. "घरातलं अजून कुणी बोलायचं राहिलंय का?"

सगळे माझ्याकडे वळले. काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. तुमचं काम पुढे नेईन, इतकंच. पाच वर्षं बाबांच्या प्रत्येक बेताला मी मान डोलावली होती. आता गवताच्या कावळ्यापुढेही डोलवायची?

मी पुढे गेले.

"बाबा, वाडीत रिसॉर्ट होणार नाही. पाला मी घालत राहीन. पण त्याने काही वाचेल असं मला वाटत नाही. कधीच वाटलं नाही. पाऊस असाच वेळी-अवेळी येणार. समुद्र वर चढणार."

"अगं, हे काय सांगतेस त्याला?" आत्या कुजबुजली. "अशाने येईल होय कावळा?"

"तुम्ही जगाचं बोलायचात तेव्हा माझं जगाकडे लक्षच नसायचं," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे बघत असायची. मला तुम्ही हवे होतात, बाबा. जग नसतं वाचलं तरी चाललं असतं."